फर्म्यावरून फर्मा

"आई, तुझी थोडी कातडी हवी होती," लेक म्हणाली, शेजारीण वाटीभर साखर मागते तशी. मी कातरकामाच्या टेबलाशी उभी होते. निळ्या कापडाचे थर एकावर एक घातलेले, वर फर्मा ठेवून खडूची रेघ ओढून झालेली, मोठी कातरी हातात, आणि कातरीचा जबडा उघडा तो उघडाच राहिला. "केवढी?" मी विचारलं. दुकानात कुणी काही मागितलं की माझ्या तोंडून पहिला तोच प्रश्न निघतो. "मसुराच्या डाळीएवढी. दंडावरची. दुखणार नाही." "आणि लावायची कुठे? तुला काय भोक पडलंय?" ती हसली नाही. माझ्या बोलण्याला शाळांचे मुख्याध्यापक हसतात, कापडाचे दलाल हसतात, ही हसत नाही. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत पर्स मांडीवर धरून, दोन्ही अंगठे पर्सच्या खटक्यावर ठेवून बसली होती. "मला मूल हवंय," ती म्हणाली, "आणि ते मूल तू असायला हवीस."

मागे मशिनांचा आवाज बारीक झाला. बायका पायाने मशीन चालवतात पण कान मोकळेच असतात, म्हणून मी तिला आतल्या खोलीत नेलं. तिथे आमचे मूळ फर्मे खिळ्यांना टांगलेले असतात, जाड पुठ्ठ्याचे, प्रत्येक वयाचा एक. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या घराची तीच तिजोरी. त्या पुठ्ठ्याच्या बाह्यांखाली आणि गळ्यांखाली उभी राहून तिने मला सगळं समजावलं. तिच्या स्वतःच्या अंड्यांत आता काही राहिलेलं नाही. नवरा कधीच दुसरीकडे गेला. एक डॉक्टरीणबाई आहे, ती नवी रीत करते. अंडं कुणा तिसऱ्याच बाईचं घ्यायचं, त्यातला जीव काढून टाकायचा, आणि तिथे माझ्या कातडीतलं बी ठेवायचं. मग ते वाढणार माझ्या लेकीच्या पोटात. "म्हणजे माझी नात," मी म्हणाले. "नात नाही, आई. तू. तुझ्यासारखी नव्हे, तूच." "आणि बाप?" "बाप लागत नाही." "तो तसाही कुठे लागला होता," मी म्हणाले. माझा नवरा मला दोन पोरं देऊन निघून गेला, जाताना चांगली मोठी कातरी घेऊन गेला. नवऱ्याचं दुःख लवकर ओसरलं, कातरीचं अजून आहे.

मी विचारलं, जगात आईबाप नसलेली पोरं काय थोडी आहेत? ती म्हणाली, मला अनोळखी नको. मी म्हटलं, मग तुझीच कातडी घे, मसुराएवढी काय, रुपयाएवढी घे. तेव्हा तिने वर टांगलेल्या फर्म्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "मला मी नकोय पुन्हा. एकदा झाले तेवढं पुरे." हे तिने इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मला ते लागलंच नाही. उलट कुठेतरी बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, पुढचे काही दिवस मी छाती काढून चालत होते. सत्तरी ओलांडलेल्या बाईला जग काय म्हणतं? आता बसा. हात जपा. पायरी आहे, पायरी. आणि इथे माझी लेक, लोकांचे कान तपासणारी शिकलेली बाई, कानावर यंत्र लावून "आवाज आला की बोट वर करा" असं अख्ख्या शहराला शिकवणारी आणि स्वतः घरात कुणाचं न ऐकणारी, ती म्हणते, तू पुन्हा हवीस. दुसरी हवी तर तूच. आरशासमोर केस विंचरताना मी दंड वळवून पाहिला. कातडी सैल पडलेली, घडी नीट न घातलेल्या अस्तरासारखी. या चिंधीतून म्हणे मी निघणार, कोरी करकरीत. आरशातल्या बाईला मी म्हटलं, बघ गं, तुला अजून मागणी आहे.

थोरल्याला कळलं तेव्हा तो तडक जेवणाच्या वेळी आला. तो वकिलाच्या कचेरीत असतो, वकील नाही, पण बोलतो वकिलाच्या वरताण. "आई, हे निसर्गाच्या विरुद्ध आहे." मी त्याच्या ताटात वाढत होते. म्हटलं, तुझ्या नाकावरचा चष्मा निसर्गाने दिला का रे? आणि छातीत ती नळी घातली तुझ्या, ती कुठल्या झाडाला लागली होती? त्याने घास गिळला आणि दुसऱ्या बाजूने आला. "कायदा यावर अजून काही बोलत नाही. उद्या ती वारस कुणाची? तुझी नात, की तुझी बहीण, की तू?" मी म्हणाले, "मी इथे तुला आमटी वाढतेय, आणि तुला माझ्या वारसांची काळजी लागली." "तसं नाही गं. पण माणूस म्हणजे काय गणवेश आहे का, शंभर काढायला?" हे वाक्य मात्र चांगलं होतं. त्याच्या लहानपणी तो असं कधी बोलला असता तर मी त्याला शिकवायला अजून जीव आटवला असता. त्याला वाढता वाढता माझ्या मनात एक हलकट विचार आला, तो इथे लिहून टाकते: याची कातडी कुणी मागितली नाही, म्हणून याला निसर्ग आठवला.

पण वारसाच्या त्या प्रश्नाने माझ्या डोक्यात घर केलं. कापड बेततानाही तेच. ती मला काय म्हणेल? आजी? आणि मी तिला काय म्हणू? नात म्हणावं तर ती मीच, बहीण म्हणावं तर लेकीच्या पोटातली, लेक म्हणावं तर माझ्या लेकीला ती आई म्हणणार. नात्यांची एवढी नावं आपल्या बोलीत, मामेसासू आणि चुलतजावेपर्यंत सगळ्यांना नाव आहे, पण हिच्यासाठी एक शब्द नाही. ज्याला हाक नाही त्याने यावं कसं? आणि आल्यावर तिने समोर बघायचं ते कुणाकडे? तिच्यासमोर मी बसलेली, गुडघे धरून. तिला कळणार की हे गुडघे तिला येणार आहेत. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला, तिच्याही पिकणार. मी ज्या रोगाने जाईन तो तिला आधीच माहीत असणार. आपल्याला मरण आंधळ्या कोशिंबिरीसारखं येतं, कुठून हात लागेल कळत नाही, म्हणून तर खेळ चालतो. तिच्या डोळ्यांवरची पट्टी जन्मतःच काढलेली.

आणि तरीही मी नाही म्हटलं नाही, याचं कारण वेगळं होतं. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला घरात खुळखुळा म्हणत. खूप जुनी गोष्ट, ते नाव जाणणारं आता कुणी जिवंत नाही, माझ्या पोरांनाही ठाऊक नाही. मी हसायचे. कशालाही. बादली कलंडली की हसायचे, शेजारचा म्हातारा शिंकला की हसायचे, शाळेत बाईंनी बाकावर उभं केलं तरी बाकावरून हसायचे. आई माझ्या तोंडावर हात ठेवायची, तिच्या तळहाताला चुन्याचा वास यायचा, आणि मी तिच्या बोटांमधून फुर्रकन हसायचे. मग तिला पण हसू यायचं. पाढे मला चटकन यायचे, बाई म्हणायच्या ही पोरगी पुढे जाईल. पुढे गेले ते मामीच्या शिवणाच्या दुकानापर्यंत. तिथे काज-बटणांना बसवलं मला. मामीचा एक नियम होता, हसलं की टाका वाकडा येतो. तो काही छळ नव्हता, खरंच येतो, करून पाहा. आणि पुढे अंगावर कपडा बेतण्याचं काम हातात आलं तेव्हा तोंडात टाचण्या आल्या. ओठांच्या मध्ये पाचसात टाचण्या धरायच्या आणि एकेक काढून लावत जायचं. तोंडात टाचण्या असल्या की हसता येत नाही. गिळली जाते. मला आठवत नाही की खुळखुळा अमुक दिवशी बंद पडला. रंग उडतो तसा गेला असेल, धुण्यातून धुण्यात, कुणाच्या लक्षात न येता.

आता लेक म्हणते, ती पुन्हा होईल. ती शाळेत जाईल. बाकावरून उतरून पुढच्या वर्गात जाईल. तिला काज-बटणं कुणी करायला लावणार नाही. मी कापडाच्या थरांवर हात फिरवत उभी असायचे आणि मला ती दिसायची, पाठीवर दप्तर, माझ्याच दुकानात शिवलेला गणवेश, दात पडलेले, आणि हसतेय. असा मोह मला नवऱ्याचाही झाला नव्हता. पण लगेच मागून दुसरी भीती यायची, आणि ती जास्त कडू होती. समजा ती गोड निघाली. सगळ्यांशी मऊ बोलणारी, कुणाला न तोडणारी. म्हणजे मग मी कोण? ही जी मी आहे, जिच्या जिभेला दलाल टरकतात, जिने एकटीने दोन पोरं आणि दहा मशिना उभ्या केल्या, ती मी स्वतःला घडवलेली समजत होते. पोरगी गोड निघाली की सगळं उघडं पडणार. मला कुणी घडवलं नव्हतं, नुसतं चेचलं होतं. कोल्ह्याने आपल्या तुटक्या शेपटीला थाट म्हणावं, तसं माझं आयुष्य. आणि माझ्यासारखीच निघाली, तर माझ्या लेकीने दोनदा मला सोसायचं. एकदा खालून वर बघत, एकदा वरून खाली बघत.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. फर्मा कधी फर्म्यावरून काढायचा नाही. रोजच्या वापरातला झिजला, फाटला, तर खिळ्यावरचा मूळ उतरवायचा आणि त्याच्यावरून नवा काढायचा, मूळ परत खिळ्याला. कारण पेन्सिल कडेने फिरते तेव्हा रेघेची जाडी तेवढी वाढते. एकदा काही कळत नाही. पण नकलेवरून नक्कल, तिच्यावरून पुढची, असं करत गेलं की खांदा उतरतो, गळा पसरतो, आणि शेवटी शाळेच्या रांगेत एकजात सगळी पोरं कुणा दुसऱ्याचे कपडे घालून आल्यासारखी दिसतात. पण मूळ तरी कुठून येतो? तो अंगावरूनच घ्यावा लागतो. आमचे मुलींचे मूळ फर्मे सगळे माझ्या लेकीच्या अंगावरून घेतलेले. दर वर्षी शाळा उघडायच्या आधी मी तिला स्टुलावर उभी करायचे, तिच्या अंगावर पुठ्ठा लावायचे, टाचण्या लावायचे, आणि तिच्या त्या वयावरून शहरातल्या त्या वयाच्या पोरींचे फ्रॉक निघायचे. थोरला कधी कधी चेष्टेने म्हणतो, हिच्या तर हजारो नकला शाळेत जाऊन आल्या. एका वर्षी ती तापाने अंथरुणाला खिळली होती. उठली ती काटकी होऊन. पण शाळा काही तिच्या तापासाठी थांबणार नव्हत्या, मी तशीच तिला स्टुलावर उभी केली आणि फर्मा घेतला. घाईत ध्यानातच आलं नाही की हे माप पोरीचं नाही, तापाचं आहे. शाळा उघडली आणि पहिल्या आठवड्यात फ्रॉक पाठीतून उसवायला लागले. एका पोरीचा तर प्रार्थनेला हात जोडताना टर्रकन फाटला. गाठोडी परत आली. मी दुकानात सगळ्या बायकांसमोर लेकीला म्हणाले, "तुझ्यामुळे अख्ख्या शाळेची पाठ उघडी पडली." बायका हसल्या. मीही विनोदच केला होता. तो फर्मा अजून खिळ्याला आहे, वापरत नाही पण टाकवत नाही. परवा लेक आतल्या खोलीत बोलता बोलता बघत होती तो तोच.

दवाखान्यात जायच्या दिवशी ती मला गाडीतून न्यायला आली. वाटेत एका वळणावर मी म्हणाले, पट्टा किती आवळतेस मला, थोडी माया सोड. ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "फ्रॉकच्या शिवणीत सोडायचीस तू, दोन्ही बाजूंनी बोटबोट कापड. माणसांना नाही." असले टोमणे शिवणकाम करणाऱ्या घरात फुकट मिळतात, मी मनावर घेत नाही. दवाखाना एका उंच इमारतीत वरच्या मजल्यावर होता, लिफ्टला आरसा, भिंतींना तो औषधी पांढरा रंग जो कपड्याला दिला तर गिऱ्हाईक परत करेल. बसायच्या खोलीत भिंतभर बाळांचे फोटो होते. सगळी एकाच पांढऱ्या टॉवेलवर निजवलेली, एकाच बाजूने उजेड, आणि सगळी हसणारी. रडणारं एकही नाही. मी शोधलं.

डॉक्टरीणबाई तरुण होती, आवाज लोण्यासारखा. मला आजी म्हणाली. मी विचारलं ते सगळं तिने न कंटाळता सांगितलं, त्याबद्दल तिला नाव ठेवणार नाही. म्हणाली, जुळ्या बहिणी असतात ना, निसर्गच नकला काढतो. आणि ती मुलगी तुम्ही नसेल, वेगळं घर, वेगळी शाळा, वेगळी माणसं, ती वेगळीच होईल. मी म्हणाले, मग माझी लेक तर सांगते मीच होणार. बाई जरा हसली, म्हणाली, दोन्ही थोडं थोडं खरं आहे. "पहिल्या वेळेलाच जमतं का?" मी विचारलं. तिने पेन खाली ठेवलं. नाही म्हणाली. बरीच रुजत नाहीत, काही रुजून सुटतात, क्वचित एखादं जन्मतं पण नीट नसतं, सगळं आधी सांगायला हवं. मी म्हटलं, एक फ्रॉक निघेपर्यंत माझ्या टेबलाखाली चिंध्यांचा ढीग होतो. तुमच्या चिंध्यांचं काय करता? लेक एकदम म्हणाली, "आई!" तोच आवाज, लग्नाकार्यात मी काही बोलले की काढते तो. डॉक्टरीणबाईने खाली बघितलं आणि म्हणाली, "वाईट वाटतं आजी. पण साध्या बाळंतपणांतही सुटतात." खरं होतं. माझंही एक सुटलं होतं, थोरल्याच्या आधी. त्याला मी कधी चिंधी म्हटलं नाही. जीभ माझी, पण तिलाही काही घरं वर्ज्य आहेत.

मग मला आतल्या खोलीत टेबलावर निजवलं. लेक बाहेर काचेपलीकडे बसली. दंडाला सुई टोचली, गार काहीतरी पसरत गेलं आणि हळूहळू दंड माझा राहिला नाही. दुसऱ्या हाताने दाबून पाहिला. कुणा बाईचा हात आपल्या अंगाशेजारी कुणीतरी आणून ठेवावा तसा. हाताला कळत होतं की हे मऊ आहे, कोमट आहे, पण दंडाकडून जाब नाही. मला वाटलं, ती पोर असंच काही असेल. माझीच, आणि हाक मारली तर माझ्याकडून उत्तर नाही. डॉक्टरीणबाई हातमोजे घालून आली. "आजी, शेवटचं विचारते. तुमची मर्जी आहे ना? विचारल्याशिवाय आम्ही हात लावत नाही." "मला विचारता हे बरं आहे," मी म्हणाले. "तिला कोण विचारणार?" "कुणाला?" "जिला काढणार तिला." बाई म्हणाली, "कुठल्याच बाळाला कुणी विचारत नाही, आजी. तुम्ही तुमच्या मुलांना विचारलं होतं?" तिचं उत्तर तयार होतं, शिलाई पक्की होती. मी म्हटलं, नाही विचारलं. पण त्यांना मी कोऱ्या ताग्यासारखं आणलं, काय निघेल ते मलाही ठाऊक नव्हतं. हिच्या अंगावर आधीच खडू ओढलेला. काचेपलीकडे लेक बसली होती, पर्स मांडीवर, दोन्ही अंगठे खटक्यावर. तेव्हा मला दिसलं की मी माझी पर्स कशी धरते. एवढ्या वर्षांत कधी दिसलं नव्हतं. तिला आत बोलवा, मी म्हणाले.

"काय झालं? दुखतंय?" "दंड मेलाय. बस इथे." ती स्टुलावर बसली, माझं तोंड वर आणि तिचं खाली, उलटं झालं होतं सगळं. डॉक्टरीणबाई शहाणी, उगाच कपाटाशी जाऊन काही शोधायला लागली. मी लेकीला विचारलं, "एक सांग. ती माझ्यासारखीच निघाली तर? तुला टाकून बोलायला लागली तर?" तिने विचार करायला वेळ घेतला नाही, म्हणजे विचार आधीच झालेला होता. "तर मला कळेल की तुझा इलाज नव्हता. तुझ्या अंगातच होतं." "आणि गोड निघाली तर? हसरी, मवाळ?" "तर कळेल की तुला कुणीतरी तसं केलं. तुझ्या मामींनी, बाबांनी, दुकानाने. म्हणजे तू मुद्दाम नव्हतीस." "दोन्हीकडून मीच सुटते की." "हो," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. ती पोर असतानाही मी तिला फारसं रडताना बघितलेलं नाही. "तेच हवंय मला. मला तुला माफ करायचंय, आई. नुसतं ठरवून होत नाही माझ्याच्याने. खूप केलं. तुझ्यासमोर आले की मी स्टुलावर उभी असते, अंगात ताप असतो, आणि तुझ्या तोंडात टाचण्या असतात. काहीतरी कळल्याशिवाय मला ते सुटत नाही. तू आहेस तोवर कळायला हवं."

म्हणजे हे असं होतं. मी पुन्हा हवी होते ती मी चांगली म्हणून नव्हे. मी आठवडाभर आरशाला सांगत होते की मागणी आहे. मागणी होती ती पुराव्याला. हसू यायला हवं होतं. आलं नाही. त्या टेबलावर पडल्या पडल्या मला ती दिसली, दप्तरवाली, दात पडलेली, आणि समोर माझी लेक तिच्या कानाला यंत्र लावून बसलेली. आवाज आला की बोट वर कर. रडली की नोंद, हसली की नोंद, कुणाला उलट बोलली की नोंद. कपडा अंगावर लावून बघतात तशी ती रोज तिला माझ्यावर लावून बघणार. कुठे सैल, कुठे तंग. "तिचं काय?" मी विचारलं. "तिच्यावर मी खूप प्रेम करीन," लेक म्हणाली, "तुला कळणार नाही इतकं." "तपासायला आणलेल्या पोरावर?" "आई, सगळेच कशासाठी तरी मूल आणतात. म्हातारपणासाठी, नावासाठी. तू आम्हाला कशासाठी आणलंस?" शिकलेली माणसं आणि माझी लेक, यांना वादात हरवता येत नाही, कारण त्यांचं बहुतेक बरोबर असतं. नाही म्हणून उठून गेले असते तर ती वर्षभराने परत आली असती, किंवा मी बेशुद्ध असताना कुठल्या तरी दवाखान्यात मसुराएवढी कातडी मिळालीच असती. नाही म्हणणं पुरणारं नव्हतं. ती पोर कुणाला नकोशीच व्हायला हवी होती.

"इकडे बघ," मी म्हणाले. "पुरावा हवाय ना? पोर कशाला हवं? मीच सांगते. मामीने मला काही केलं नाही. तुझ्या बापानेही नाही, तो तर एक कातरी घेऊन गेला फक्त. आणि अंगातही काही नव्हतं. मला दोन्ही बोलता येत होतं. मुख्याध्यापकांशी मी गोड बोलत होते, दलालांशी गोड बोलत होते, थोरल्याशीसुद्धा. तुझ्या वाट्याला कडू दिलं ते निवडून दिलं. समजून, उमजून. ताप होता तुला, मला दिसत होता. मला तू आवडली नाहीस, एवढंच. हे ना कातडीत असतं ना कुणी करून ठेवलेलं असतं. मसुराएवढ्या तुकड्यातून ते उगवणार नाही. उगाच एक पोर वाया घालवशील." बोलताना जीभ एकदाही अडखळली नाही. एवढी वर्षं धार लावून ठेवली, ती आज कामाला आली. शेवटच्या वाक्यापर्यंत मी तिच्या डोळ्यांत बघत होते, कारण खोटं बोलताना माणूस नजर वळवतो हे तिला माहीत आहे, ते तिला मीच शिकवलंय.

तिने रुमाल काढून नाक पुसलं, पर्सचा खटका लावला, टिक्. "ऊठ," म्हणाली, "बाही खाली कर. मी गाडी आणते." दारात थांबली, मला वाटलं काही बोलेल, शिव्या देईल, निदान विचारेल खरंच का. कपाटाशी डॉक्टरीणबाई पाठमोरी उभी होती, तिचे खांदे आक्रसले होते. लेक दारातून म्हणाली, "थँक्यू, आई." त्या दोन शब्दांना काय म्हणायचं ते मला अजून उमगलेलं नाही. परतीच्या वाटेवर तिने गाडी नेहमीपेक्षा सावकाश चालवली. दुकानाशी मला उतरवलं, दार उघडून धरलं, कर्तव्यात चुकणारी नाही, शेवटी माझीच. "दंड जप," म्हणाली. "सध्या काही लागलं तरी तुला कळणार नाही." आणि गेली. ती परत येईल का, आली तर खुर्चीत बसेल का, की दाराशीच उभी राहून औषधं देऊन जाईल, हे मी स्वतःला विचारत नाही. मापं घ्यायची होती, शाळा उघडायला आल्या होत्या.

दुकानात एक बाई तिच्या पोरीला घेऊन थांबली होती, पहिलाच गणवेश. मी पोरीला स्टुलावर उभी केली. ओठांत टाचण्या धरल्या, टेप गळ्यातून ओढला आणि तिच्या काखेखालून फिरवला. पोरीला गुदगुल्या झाल्या. ती अंग चोरून हसायला लागली, आधी फुर्रकन नाकातून, मग सगळीच, स्टूल हलायला लागलं. पुढचे दोन दात नव्हते. तिची आई वरमली, म्हणाली, "ए, हसू नकोस! सरळ उभी राहा. आजी रागावतील." आणि पोर घाबरून माझ्याकडे बघायला लागली, हसू तोंडातच धरून. तेवढ्यात माझ्या दंडात जीव परत यायला लागला. आधी एक मुंगी, मग रांगच्या रांग, कातडीच्या आतून, जिथून ते मसुराएवढं घेणार होते तिथून. मला म्हणायचं होतं, हसू दे तिला. तोंडात टाचण्या होत्या.